टोबियास मोरेट्टी : ऐन भरातली मालिका सोडून नाटकाकडे जाणं बरोबर होतं का?

मेलबर्नकर_मुक्ता

आईच्या वर्षश्राद्धानंतर तिची खोली आवरायला घेतली. कपाटाच्या तळाशी जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या. एकीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कुत्रा – शेवटचा'. तिथेच खाली बसले. या धाग्याचं निमित्त ती कॅसेट.

बाबा गेल्यावर आई कोल्हापूरहून माझ्याकडे मेलबर्नला आली. दिवसभर घरात एकटी. संध्याकाळी एसबीएस वाहिनीवर 'इन्स्पेक्टर रेक्स' लागायचं. व्हिएन्नातला पोलीस अधिकारी रिखार्ड मोझर आणि त्याचा जर्मन शेफर्ड रेक्स. संवाद जर्मन, खाली इंग्रजी अक्षरं. आई ती अक्षरं वाचायचीच नाही. "त्याच्या तोंडाकडं बघितलं की कळतंय सगळं," म्हणायची. 'तो' म्हणजे कुत्रा की माणूस, हे मी कधी विचारलं नाही.

मोझर मारला जातो तो भाग लागला त्या रात्री ती जेवली नाही. मी समजूत घातली, "अगं, तो नट धडधाकट आहे. त्यानं स्वतःच मालिका सोडली." त्यावर म्हणाली, "चांगलं चाललेलं कुणी सोडतं होय?"

तो नट म्हणजे टोबियास मोरेट्टी. जन्म ११ जुलै १९५९, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, इटलीच्या सीमेला लागून असलेल्या ग्रीस आम ब्रेनर गावी. मूळ आडनाव ब्लोएब. रंगभूमीसाठी त्यानं आईचं माहेरचं आडनाव घेतलं. धाकटा भाऊ ग्रेगोर ब्लोएब हाही नामांकित नट, त्यानं मात्र वडिलांचंच आडनाव ठेवलं. मोरेट्टी आधी व्हिएन्नात संगीतरचना शिकत होता. ते सोडून म्युनिकच्या ओट्टो फाल्केनबेर्ग नाट्यविद्यालयात गेला आणि पुढे तिथल्याच कामरश्पीले नाट्यगृहात नट म्हणून घडला. १९९४ ते १९९८ 'कोमिस्सार रेक्स', म्हणजेच आपलं 'इन्स्पेक्टर रेक्स'. देशोदेशी गाजलेली ही मालिका त्यानं चार वर्षांत सोडली.

आईचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. आता तोच इथे विचारते. ज्यांनी त्याला रंगमंचावर पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

पिंपळपान

शीर्षक वाचून वाटलं ऑस्ट्रेलियातल्या नटाबद्दल आहे. मग कळलं की नट ऑस्ट्रियाचा आणि प्रेक्षक ऑस्ट्रेलियाचे :) मुक्ताताई, आईंबद्दल वाचून गलबललं. वाचतोय.

तिसरी_घंटा

मुळात प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही. नाटक म्हणजे देवघर आणि मालिका म्हणजे बाजार, असं आपण गृहीत धरतो. मी वीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतोय, म्हणून हक्कानं बोलतो.

'रेक्स'चं पहिलं पर्व नटांच्या नजरेनं पुन्हा बघा. मोझरच्या आजूबाजूला कोण आहेत? स्टॉकिंगर झालेला कार्ल मार्कोविक्स, हलरर झालेला वोल्फ बाखोफनर आणि निवृत्त सहकारी माक्सच्या भूमिकेत फ्रिट्झ मुलियार. सगळे नाटकात मुरलेले. कुत्रा कॅमेऱ्यात काय करील याचा नेम नसतो, त्यामुळे समोरच्या माणसाला प्रत्येक वेळी जिवंत प्रतिक्रिया द्यावी लागते. पाठ केलेल्या हातवाऱ्यांवर भागत नाही. मोरेट्टी त्या कुत्र्याचं ऐकतो. माणसांबरोबर काम करतानाही सहनटाचं ऐकणारे नट मला फार थोडे भेटले.

मार्कोविक्सचंच बघा. आधी 'स्टॉकिंगर' ही स्वतंत्र मालिका मिळाली, कथेत त्याची साल्झबुर्गला बदली दाखवून. पुढे 'दी फेल्शर' या चित्रपटात नात्झी छळछावणीत खोट्या नोटा छापायला लावलेल्या कैद्याची भूमिका त्यानं केली आणि त्या चित्रपटाला २००८ साली परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मालिकेनं या दोघांचं काहीही बिघडवलं नाही.

रानजाई

मुलियारचं नाव काढलंत म्हणून लिहिते. जन्म १९१९. नात्झी काळात लष्कराचं मनोधैर्य खच्ची केल्याच्या आरोपाखाली त्यानं एकांतकोठडी भोगली. युद्धानंतर लोकांना पोट धरून हसवणारा नट झाला. टीव्हीवरचा त्याचा श्वाइक (हाशेकच्या कादंबरीतला भोळसट शिपाई) अजून लोकांच्या लक्षात आहे. मे २००९ मध्ये वारला, वय ८९, आणि आदल्या दिवशी रंगमंचावर उभा होता. मालिकाही केल्या, नाटकंही केली, काहीच सोडलं नाही.

जर्मनच्या_बाई

पुण्यात मी बरीच वर्षं जर्मन शिकवते. ऐकून समजण्याच्या सरावासाठी वर्गात 'रेक्स'चे तुकडे दाखवत असे. मुलांना पहिला शब्द कोणता पाठ व्हायचा सांगू? 'वुर्स्टझेमेल'. गोल खुसखुशीत पाव मधोमध कापून त्यात सॉसेजचे पातळ काप आणि आंबवलेली काकडी घातलेली. रेक्स तो जवळपास प्रत्येक भागात कुणाच्या ना कुणाच्या हातून पळवतो. हा शब्द ऑस्ट्रियातला, दक्षिण जर्मनीतही ऐकू येतो. बाकी जर्मनीत अशा पावाला बहुतेक ठिकाणी 'ब्रोट्शेन' म्हणतात. दोन देशांच्या जर्मनमधला फरक शिकवायला मला त्या कुत्र्याची फार मदत झाली.

भाषेवरून आठवलं ते मात्र महत्त्वाचं. मोरेट्टीला ऑस्ट्रियात रेक्सच्या आधीच लोक ओळखत होते, ते 'पीफ्के-सागा'मुळे. लेखक फेलिक्स मिटरर. पहिले तीन भाग १९९० साली आले, चौथा १९९३ साली. 'पीफ्के' हा ऑस्ट्रियन लोकांनी जर्मनांना ठेवलेला, जरा टोचणारा शब्द. बर्लिनचं श्रीमंत झाटमान कुटुंब दरवर्षी टिरोलमधल्या एका गावात सुट्टीला येतं. पाहुण्यांच्या पैशावर जगणारे गावकरी आणि पैसे मोजले म्हणजे गाव आपलं झालं असं मानणारे पाहुणे. मोरेट्टी त्यात जो नावाचा गावातला तरुण आहे. तेव्हा दोन्हीकडचे लोक खवळले होते. चौथ्या भागात तर सगळं टिरोल पाहुण्यांसाठी उभारलेला एक भयाण देखावा होऊन जातं.

म्हणजे रंगभूमी, मग टीव्ही, मग पुन्हा रंगभूमी अशी सरळ रेघ त्याच्या बाबतीत नाहीच. तो कायम दोन्हीकडे होता.

मालवणी_खाजा

बाई, पीफ्के-सागा इंग्रजी अक्षरांसह कुठं मिळेल? आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. पाहुणा गेला की आम्हीही एकमेकांना विचारतो, आता आपल्या अंगणात आपण बसू शकतो ना?

जर्मनच्या_बाई

@मालवणी_खाजा, शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. टिरोलच्या बोलीमुळे माझ्या वरच्या वर्गालाही ती अवघड जाते.

डॅन्यूबकाठी

व्हिएन्नात एकवीस वर्षं राहतोय. मूळचा साताऱ्याचा. मोरेट्टीला रंगमंचावर तीनदा पाहिलं, त्यातला एक अनुभव सविस्तर लिहितो.

साल्झबुर्गचा 'येडरमान', म्हणजे 'कोणताही माणूस'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑस्ट्रियन लेखक होफमानस्टालचं हे नाटक १९११ साली बर्लिनला एका सर्कशीच्या वास्तूत पहिल्यांदा झालं. मग २२ ऑगस्ट १९२० रोजी दिग्दर्शक माक्स राइनहार्टनं ते साल्झबुर्गच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात उघड्यावर केलं आणि साल्झबुर्ग महोत्सव तिथूनच सुरू झाला. नात्झी काळ सोडला तर बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात तो चौक आणि ते नाटक आहेच. गोष्ट अगदी साधी. श्रीमंत माणूस मेजवानीला बसलाय आणि मृत्यू त्याला न्यायला येतो. तो सोबत मागतो. मित्र नाही म्हणतो, नातेवाईक नाही म्हणतात, पैशाची पेटी उघडतो तर आतून पैसाच उठून उभा राहतो आणि सांगतो, मी तुझा नव्हतो, तू माझा होतास. शेवटी त्याची सत्कृत्यं तेवढी बरोबर येतात, तीही अशक्त, कारण त्यानं ती कधी पोसलीच नाहीत.

कीर्तनात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. माझे आजोबा चौथ्या मिनिटाला मान डोलवायला लागले असते.

येडरमानची भूमिका मिळणं म्हणजे त्या देशात नटाचा राज्याभिषेक. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी येते. मोरेट्टीनं २०१७ ते २०२० ती केली. त्याआधी २००२ पासून काही वर्षं, पेटर सिमोनिशेक येडरमान असताना, याच चौकात तो मित्र आणि सैतान अशा दोन्ही भूमिका करायचा. आधी येडरमानला दगा देणारा, मग त्याच्या आत्म्यावर हक्क सांगायला येणारा. आणि पुढे स्वतःच येडरमान.

मी गेलो ते २०१९ साली. तिकीट बऱ्याच खटपटीनं मिळालं. आभाळ भरलेलं, पाऊस आला की प्रयोग मोठ्या बंदिस्त नाट्यगृहात हलवतात, म्हणून सगळे वर बघत होते. पाऊस आला नाही. मेजवानी रंगात आलेली असताना कुठूनतरी उंचावरून हाक आली. "येऽऽडरमाऽऽन!" मग दुसऱ्या बुरुजावरून. मग आणखी लांबून. हाका मारणारी माणसं गावातल्या उंच जागांवर उभी असतात, हे मला ठाऊक होतं. तरी मान वळलीच. त्या क्षणी मी मोरेट्टीकडे पाहिलं. तो दचकला नाही. त्यानं फक्त आजूबाजूच्यांकडे पाहिलं, त्यांनाही ऐकू आलं का म्हणून. ऐकू आलं नव्हतं. अंगावर आजच्या काळातला सूट होता, बाजूला मद्याचे पेले होते, आणि त्या एका नजरेत तो माणूस भर मेजवानीत एकटा पडला.

तिसऱ्या_घंटेनं लिहिलंय ना, तो ऐकतो. अगदी तेच.

सांजवात

डॅन्यूबकाठी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आणखी लिहा.

विंगेत_उभा

येडरमानवरून एक खरी गोष्ट. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, महोत्सव ऐन रंगात असताना मोरेट्टीला न्यूमोनिया झाला. उभं राहणं शक्य नाही. तिथे प्रत्येक भूमिकेला बदली नट तयार ठेवलेला नसतो. तेव्हा फिलिप होखमायर नावाच्या नटाला बोलावलं. हा गडी अनेक वर्षं संगीतवाद्यांच्या साथीनं येडरमानचा एकपात्री प्रयोग करत होता, म्हणजे नाटक सगळ्या पात्रांसकट पाठ! जेमतेम तीस तासांची तयारी करून तो चौकात उभा राहिला आणि मोरेट्टी बरा होईपर्यंतचे प्रयोग सांभाळले. पुढे २०२४ साली तोच होखमायर अधिकृत येडरमान झाला.

नाटकवाल्यांना कळेल यात काय आहे ते. शब्द पाठ असणं सोपं. पण तालीम नसताना दुसऱ्याच्या नेपथ्यात, दुसऱ्याच्या जागा धरून, अनोळखी सहनटांच्या डोळ्यांत बघायचं! मी एकदा अशी बदली केली आहे, गावच्या जत्रेतल्या प्रयोगात. दुसऱ्या अंकापर्यंत हात थरथरत होते.

नर्मदेहर

मला एक शंका आहे. मोरेट्टीला सगळीकडे 'रेक्सवाला' म्हणूनच ओळखतात ना? मग मालिका सोडून काय मिळवलं? आपण त्याला अजून कुत्र्यामुळेच आठवतोय. या धाग्याचं निमित्तही कुत्र्याची कॅसेटच आहे. माझ्या मते मुक्ताताईंच्या आईंचा प्रश्न रास्त होता. लोकांचं एवढं प्रेम मिळत असताना सोडणं ही एक प्रकारची कृतघ्नता वाटते.

तिसरी_घंटा

कृतघ्नता नाही हो, नर्मदेहर. त्याच्यानंतर मालिका थांबली कुठे? गेडेऑन बुर्कहार्टचा ब्रांटनर आला, मग अलेक्झांडर प्शिलचा हॉफमान. इटलीत तर इतकी लोकप्रिय झाली की २००८ पासून रेक्स थेट रोमला गेला आणि कास्पार काप्पारोनीबरोबर तपास करू लागला. प्रेक्षकांचा कुत्रा त्यानं हिरावून नेला नाही. आपल्याजागी दुसऱ्याला उभं राहू दिलं.

कुत्र्याची_मावशी

आणि कुत्राही एकच नव्हता हो. लोकांना धक्का बसेल, पण रेक्सची भूमिका वर्षागणिक वेगवेगळ्या कुत्र्यांनी केली. मोरेट्टीच्या बरोबरचा प्रसिद्ध रेक्स म्हणजे रेजिनाल्ड फॉन रावेनहोर्स्ट, लाडाचं नाव बीजे. प्रशिक्षक टेरेसा अ‍ॅन मिलर. मी जर्मन शेफर्ड पाळले आहेत. हा प्राणी एका माणसाला मालक मानतो आणि त्याच्याकडेच बघत राहतो. चित्रीकरणात खरा मालक कॅमेऱ्याच्या मागे उभा असतो आणि प्रेक्षकांना मात्र वाटायला हवं की कुत्रं नटाकडे जीव लावून बघतंय. तेवढा विश्वास नटाला रोज कमवावा लागतो.

गंमत म्हणजे मोझरला निरोप दिला त्याच १९९८ साली मोरेट्टी 'क्राम्बाम्बुली' या दूरचित्रपटात आला. मारी फॉन एब्नर-एशेनबाखची जुनी कथा. त्यातही कुत्रा! दोन धन्यांमध्ये अडकलेल्या इमानी कुत्र्याची गोष्ट, ऑस्ट्रियात पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली. मला ती पूर्ण वाचवत नाही. शेवटाकडे आले की पुस्तक मिटते.

डॅन्यूबकाठी

@नर्मदेहर, 'काय मिळवलं' याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण ते मी बघितलंय.

ऑस्ट्रियाचा नाटककार ग्रिल्पार्त्सर याचं 'राजा ओटोकारचं भाग्य आणि अंत'. बोहेमियाचा बलाढ्य राजा ओटोकार आणि हाब्सबुर्ग घराण्याचा रूडोल्फ यांचा तेराव्या शतकातला संघर्ष. हे नाटक पूर्वी सेन्सॉरकडे दोन वर्षं पडून होतं, सम्राज्ञीच्या हाती पडलं म्हणून सुटलं आणि १८२५ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरला लागलं. युद्धात बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं बुर्गथिएटर १९५५ साली पुन्हा उघडलं तेव्हा पहिलं नाटक हेच. म्हणजे ऑस्ट्रियासाठी ते नुसतं नाटक नाही, त्यांच्या राष्ट्राची जन्मकथाच. आणि २००५ साली मार्टिन कुशेयच्या दिग्दर्शनात ओटोकार कोण? टीव्हीवर कुत्र्याबरोबर धावणारा मोरेट्टी.

त्यात एक प्रवेश आहे. ओटोकार हरलाय. रूडोल्फपुढे गुडघे टेकायला तयार होतो, पण तंबूच्या आत, कुणी बघणार नाही अशा ठिकाणी. आणि नेमका तेव्हा तंबूचा पडदा पाडला जातो. सगळं सैन्य, सगळं जग त्याला गुडघ्यावर पाहतं. मोरेट्टी तिथे ओरडला नाही. उठायला त्याला जो वेळ लागला, तेवढाच. माझ्या शेजारी एक वृद्ध व्हिएनीज बाई बसल्या होत्या, त्यांनी माझा दंड धरला. ओळख ना पाळख.

पुढे २००९ साली त्याच नाट्यगृहात गोएथेचा फाउस्ट केला, समोर मेफिस्टो म्हणजे सैतान म्हणून गेर्ट फॉस. हे सगळं मालिका करता करता झालं नसतं. तालमीच महिनोन्‌महिने चालतात.

ग्रंथकीटक

अवांतर होईल, पण गेर्ट फॉसवरून इफलांड अंगठी आठवली. जर्मन भाषेतल्या श्रेष्ठ नटाकडे ही अंगठी असते. ज्याच्याकडे आहे त्यानं आपल्या मागे कुणाला द्यायची ते मृत्युपत्रात लिहून ठेवायचं. घराण्याची गादी शिष्याकडे जाते तसं, फक्त नाव बंद पाकिटात.

तिचा इतिहास चटका लावणारा आहे. अंगठी ज्याच्याकडे होती त्या आल्बेर्ट बासरमाननं एकामागून एक तिघांना वारस निवडलं: गिरार्डी, पालेनबेर्ग आणि मोइस्सी. तिघेही त्याच्याआधी गेले. हा अलेक्झांडर मोइस्सी म्हणजे १९२०चा साल्झबुर्गचा पहिला येडरमान! त्याच्या शवपेटीवर बासरमाननं ती अंगठी ठेवली आणि पुन्हा कुणाचं नाव घेतलं नाही. पुढे १९५४ मध्ये ती वेर्नर क्राउसला दिली गेली, मग योझेफ माइनराड, मग १९९६ साली ब्रूनो गान्त्स. गान्त्सच्या मनात गेर्ट फॉस होता, पण फॉस २०१४ मध्ये गेला. २०१९ पासून अंगठी येन्स हार्त्सरकडे आहे.

रानजाई

वेर्नर क्राउस? तोच ना जो १९४० च्या नात्झी प्रचारपटात होता?

ग्रंथकीटक

हो, तोच. 'युड झ्यूस'. त्यात क्राउसनं एक नाही, अनेक ज्यू पात्रं विद्रूप करून रंगवली. आणि बासरमान? त्याची पत्नी ज्यू होती म्हणून त्यानं जर्मनीच सोडली होती. त्याच्याकडची अंगठी त्याच्या पश्चात क्राउसच्या बोटात गेली. मला हे आजही सलतं.

जर्मनच्या_बाई

आणि इथे मोरेट्टी परत धाग्यात येतो. त्या प्रचारपटात मुख्य भूमिका ज्यानं केली तो फेर्डिनांड मारियान व्हिएन्नाचा होता, नाटकातला नट. भूमिका नको म्हणून टाळाटाळ करत होता, नात्झी प्रचारमंत्री गोबेल्सच्या दडपणाखाली अखेर केली. चित्रपट लाखो लोकांनी पाहिला, द्वेष पसरवायला वापरला गेला. युद्धानंतर १९४६ साली मारियान मोटार अपघातात गेला.

२०१० साली या मारियानवर 'युड झ्यूस – फिल्म ओने गेविसन' आला. नावाचा अर्थ 'सदसद्विवेक नसलेला चित्रपट'. मारियान झाला मोरेट्टी. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटावर जोरदार टीका झाली, विशेषतः मारियानच्या पत्नीला ज्यू वंशाची दाखवून इतिहास वाकवला म्हणून. ती टीका मला पटते. गुन्ह्यात सामील झालेल्या माणसाला असा कौटुंबिक आधार जोडून देणं चूक आहे.

पण मोरेट्टीचं काम वेगळं काढून बघा. मारियानला आपण चांगले नट आहोत हे कळतं आणि त्याचा मोह पडतो. "मी या पात्राला माणूस करीन, म्हणजे विष उतरेल," अशी तो स्वतःची समजूत घालतो. उलट अभिनय जितका चांगला, तितकं विष जास्त भिनलं. हे कळत जाणारा चेहरा मोरेट्टीनं जसा उभा केलाय तसा मी दुसरा पाहिलेला नाही. २००५ च्या 'श्पेअर उंड एर'मध्ये तो हिटलर होता, २०१५ साली लुइस ट्रेंकर, तोही त्या काळाशी तडजोड केलेला टिरोलचा कलावंत. आपल्याच मातीतल्या, वाकलेल्या माणसांकडे तो पुन्हा पुन्हा जातो. हा मला त्याच्या कामातला सर्वांत धाडसी भाग वाटतो.

नर्मदेहर

हे मला माहीत नव्हतं. मोझरच्या चेहऱ्याचा माणूस हिटलर झाला हे ऐकून क्षणभर बरं वाटलं नाही, पण आता त्याचा अर्थ लागतोय. कृतघ्नता हा शब्द मागे घेतो.

बांधावरून

मी कृषी पदवीधर, इन्सब्रुकजवळ दोन वर्षं कामाला होतो. माझं सांगणं नाटकाचं नाही, शेतीचं.

मोरेट्टी शेतकरी आहे. हौसेचा फार्महाऊसवाला नव्हे. इन्सब्रुकच्या पश्चिमेला रांगन गावाजवळ डोंगरावर त्याची जुनी शेती आहे, सेंद्रिय पद्धतीची. तिथल्या शेतीची कल्पना यावी म्हणून सांगतो: उतार एवढे तीव्र की बऱ्याच जागी ट्रॅक्टर उलटतो, गवत हाती यंत्रानं कापावं लागतं. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर चढवायची, सप्टेंबरात फुलांनी सजवून गाजतवाजत खाली आणायची. हिवाळाभर पुरेल एवढा चारा कोरड्या दिवसांत आत आला नाही तर संपलं. पाऊस येणार म्हटल्यावर अख्खं गाव गवतात असतं, मग तुम्ही कुणीही असा.

तिथल्या गावचे लोक त्याच्याबद्दल नट म्हणून बोलत नसत. "त्याचा चारा यंदा लवकर आत आला," असं बोलत. 'दास फिन्स्टरे टाल' हा २०१४ चा चित्रपट पाहिला का? बर्फात गाडलेलं टिरोलमधलं दुर्गम खोरं, एका बापाची आणि त्याच्या मुलांची दहशत. त्यातल्या थोरल्या मुलाच्या कामासाठी त्याला जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. घोड्यावर बसण्याची आणि लाकूड हाताळण्याची त्याची ढब बघा. ती शिकवून येत नाही.

माझं मत विचाराल तर त्यानं मालिका नाटकासाठी सोडली तेवढीच घरासाठीही. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत तो माणूस वर्षानुवर्षं व्हिएन्नाच्या रस्त्यांवर चित्रीकरण करत राहणार नाही.

सूरसंगत

संगीताचा धागा कुणीच उचलला नाही म्हणून थोडक्यात. रचनाकार व्हायला निघालेला माणूस होता हा, आणि ते वाया गेलं नाही. २००६ मध्ये झ्युरिकला निकोलाउस हार्नोनकूर यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली मोत्सार्टचा 'ला फिंता जार्दिनिएरा' हा ऑपेरा झाला, त्याचं रंगदिग्दर्शन मोरेट्टीचं. 'त्साइडे' या मोत्सार्टच्या अपुऱ्या राहिलेल्या ऑपेराच्या हार्नोनकूरच्या ध्वनिमुद्रणात निवेदकही तोच. पत्नी ओबो वाजवते. ते निवेदन ऐका, कुठे श्वास घ्यायचा हे त्याला वाद्यवृंदातल्या माणसासारखं कळतं.

विंगेत_उभा

बुर्गथिएटरचा विषय निघालाच आहे तर एक प्रथा सांगतो. पूर्वी तिथल्या नटांना प्रयोगानंतर पडद्यापुढे येऊन टाळ्या घ्यायला मनाई होती. ही बंदी १९८३ पर्यंत टिकली. आणि मानद सदस्य असलेला नट वारला की त्याची शवपेटी नाट्यगृहाच्या भव्य जिन्यापाशी ठेवतात, निरोप देतात आणि मग नाट्यगृहाभोवती एक प्रदक्षिणा घालून नेतात. डॅन्यूबकाठी, तुम्ही पाहिलंय का कधी?

डॅन्यूबकाठी

एकदा. ट्राम थांबली होती. डब्यातले काही लोक उठून उभे राहिले.

सांजवात

@बांधावरून यांचा प्रतिसाद सर्वांत आवडला. 'चारा लवकर आत आला' एवढंच ज्याच्याबद्दल बोललं जातं त्या नटाचा हेवा वाटतो.

तिसरी_घंटा

मी सुरुवातीला मालिकेची बाजू घेतली होती, त्यावर अजून ठाम आहे. पण एक सुधारणा करतो. मालिका वाईट नसते. एकच माणूस होऊन राहणं नटाला वाईट. चार वर्षं मोझर, पाचवं वर्षही मोझर. त्याला सैतान व्हायचं होतं, गुडघे टेकणारा राजा व्हायचं होतं, मारियान व्हायचं होतं. मोझर मरायलाच हवा होता.

मेलबर्नकर_मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज रात्री हा धागा उघडत होते. येडरमानच्या हाकांचं वर्णन नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई, 'युड झ्यूस'बद्दल तुम्ही लिहिलंत ते फार दिवस मनात राहील.

दरम्यान ती कॅसेट एका दुकानातून संगणकावर उतरवून आणली. काल रात्री आम्ही सगळे बसलो. आई गेल्यावर जन्मलेली माझी नातसुद्धा मांडीवर होती. हा त्या पहिल्या रात्रीचा भाग नाही. तेव्हा टेप करणं वगैरे कुणाला सुचलंच नव्हतं. एसबीएसवर 'रेक्स' परत परत लागायचं, त्यातलंच कधीतरी तिनं एकटीनं टेप केलेलं दिसतंय. मला वाटायचं तिला ते बटण दाबता येत नाही.

भाग सुरू झाला. मोझर, रेक्स, तो पाव, व्हिएन्नाचे रस्ते. मी शेवटासाठी जीव मुठीत धरून बसले होते. शेवट आलाच नाही. मोझर अजून धडधाकट आहे, रेक्स बरोबर आहे, आणि तिथेच पडद्यावर मुंग्या आल्या. दुकानदाराला फोन केला, टेप तुटली का म्हणून. तो म्हणाला, टेप चांगली आहे, पुढे कोरी आहे. ज्यानं टेप केलं त्यानं तिथे मशीन बंद केलं.